आयर्लंडमध्ये आयरिश भाषेचा हक्क वापरायचा कसा: ईमेलपासून कमिशनरपर्यंत

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना मी एक प्रश्न हमखास विचारते, की तुम्ही इथल्या सरकारी ऑफिसला कधी आयरिशमधून ईमेल केलीये का? उत्तर नाहीच असतं. त्यावर लगेच "अगं पण आम्हाला येतं कुठे" आणि "इथल्या लोकांनाच येत नाही, आपण कशाला". मी पण पहिली पाच वर्षं असंच म्हणायचे. मग लेक गॉलवेतल्या आयरिश माध्यमाच्या शाळेत जायला लागली, घरी येऊन मराठीच्या मध्येच आयरिश शब्द टाकायला लागली, आणि मी रात्री तिच्याबरोबर बसून शिकायला लागले, त्यातून हळूहळू कळलं की या भाषेला कागदावर किती मोठं संरक्षण आहे आणि ते संरक्षण कुणी मागितलंच नाही तर कसं नुसतं कागदावरच राहतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय, की नेमकं काय मागता येतं, कुणाकडे आणि कसं.

एक सांगते, हा हक्क वापरायला तुम्ही आयरिश असायची गरज नाही, नागरिकत्वाची पण नाही, आणि भाषा पक्की यायची तर अजिबातच नाही. चार वाक्यं नीट लिहिता आली तरी पुरे.

आधी कायदा काय म्हणतो ते

1937 च्या राज्यघटनेत आठवं कलम आहे, त्यात आयरिश ही राष्ट्रभाषा म्हणून पहिली अधिकृत भाषा आणि इंग्रजी ही दुसरी. (आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं याच आयरिश घटनेवरून घेतलीत, शाळेत नागरिकशास्त्रात एका ओळीत होतं ते, तेव्हा कुणाला माहीत होतं की पुढे याच देशात घर करू.) घटनेच्या आयरिश आणि इंग्रजी मजकुरात फरक निघाला तर आयरिश मजकूर खरा धरायचा असंही त्यातच लिहिलंय. आणि असा फरक खरंच आहे. राष्ट्राध्यक्ष व्हायला वय किती लागतं, तर इंग्रजी मजकूर वाचला तर पस्तिसावं लागलेलं चालेल असा अर्थ निघतो, आयरिश मजकूर म्हणतो पस्तीस पूर्ण झालेली हवीत. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायला नको, "पस्तिसावं लागलं" आणि "पस्तीस पूर्ण झाली" यात एक अख्खं वर्ष जातं. तर इथे आयरिश मजकूर चालतो, म्हणजे पस्तीस पूर्ण.

पण घटनेतलं एक कलम रोजच्या कामात काय उपयोगाचं? बरीच वर्षं फारसा नव्हताच. 2001 साली एका माणसाची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, त्याच्यावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप होता आणि त्याचं म्हणणं होतं की मला खटला आयरिशमध्ये लढायचाय तर त्यासाठी लागणारे कायदे आणि कोर्टाचे नियम मला आयरिशमध्ये द्या. आणि ते सरकारकडे तयार नव्हते! पहिली अधिकृत भाषा आणि तिच्यात देशाचे कायदेच मिळत नाहीत. कोर्टाने त्याचं म्हणणं मान्य केलं, आणि अशा धक्क्यांनंतर, शिवाय भाषेसाठी झटणाऱ्या संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर, 2003 चा अधिकृत भाषा कायदा आला. तुमच्या माझ्या हातातलं खरं हत्यार हे आहे. 2021 च्या डिसेंबरमध्ये त्याच्यात मोठी दुरुस्ती झाली, त्याबद्दल पुढे सांगते.

हा कायदा सरकारी संस्थांना लागू आहे, म्हणजे मंत्रालयं, काउंटी काउन्सिल, आरोग्य सेवा, टॅक्सवाले, पोलीस म्हणजे इथले गार्डा, विद्यापीठं वगैरे. खासगी दुकान, बँक, मोबाइल कंपनी यांना नाही. त्यांना तुम्ही विनंती करा जरूर, पण कायद्याचा धाक दाखवू नका, तिथे तो लागू नाही आणि उगाच आपलंच म्हणणं हलकं होतं.

ईमेल कशी लिहायची

सगळ्यात सोपा, सगळ्यात पक्का हक्क हा आहे: सरकारी संस्थेला तुम्ही आयरिशमध्ये लेखी लिहिलंत, पत्राने किंवा ईमेलने, तर उत्तर आयरिशमध्येच द्यायचं त्यांच्यावर बंधन आहे. शब्द नीट वाचा, लेखी. फोनवर किंवा काउंटरवर आयरिश बोलणारा माणूस मिळेलच असं हे कलम म्हणत नाही, ते त्या त्या संस्थेने काय कबूल केलंय त्यावर असतं. म्हणून सुरुवात नेहमी लेखी करा.

पहिली ईमेल एखाद्या साध्या कामाची करा. कचऱ्याचा डबा, लायब्ररीचं कार्ड, गाडीच्या टॅक्सची चौकशी, असलं काहीतरी ज्यात उशीर झाला तर आभाळ कोसळणार नाही. व्हिसाचं किंवा दवाखान्याचं तातडीचं काम असेल तर पहिल्यांदाच प्रयोग करू नका, मी मनापासून सांगतेय, कारण उत्तराला कधी कधी जास्त दिवस लागतात.

सुरुवात "अ खारा" (A chara) अशी करायची, म्हणजे "मित्रा". सरकारी पत्रात पण हेच चालतं, कलेक्टरला लिहा नाहीतर कारकुनाला, सगळे मित्र, मला हे फार आवडतं. शेवटी "इस मिशे ले मॅस" (Is mise le meas), म्हणजे "मी आहे, आदरासह", आणि खाली नाव. मधलं वाक्य छोटं ठेवा, एका वाक्यात एकच गोष्ट. आपण मराठीत क्रियापद शेवटी टाकतो, यांचं क्रियापद सगळ्यात आधी येतं, "आहे मी गॉलवेत", "हवा मला फॉर्म" असं, एकदा ही सवय लागली की बाकी जमतं. आणि एक गंमत म्हणजे आपल्यासारखंच यांच्याकडेही "असणे" वरच भागतं, जवळ बाळगण्यासाठी वेगळं क्रियापदच नाही. तुम्हाला आयरिश येतं का हे विचारायचं असेल तर "अन विल गेल्गे अगत?" म्हणजे शब्दशः "तुझ्याकडे आयरिश आहे का?" मराठी माणसाला हे पटकन बसतं, खरंच.

शब्दांसाठी दोन-तीन साइट्स आहेत त्या बुकमार्क करून ठेवा. "फोक्लोर डॉट आयई" (focloir.ie) वर इंग्रजीवरून आयरिश मिळतं, "त्यांगलान" (teanglann.ie) वर जुने मोठे शब्दकोश आहेत आणि उच्चार तिन्ही बोलींमध्ये ऐकता येतात, कॉनाक्ट, मन्स्टर आणि अल्स्टर. सरकारी, तांत्रिक शब्द हवा असेल तर "टेअर्मा" (tearma.ie) नावाची संज्ञांची साइट आहे. मशिनच्या भाषांतरावर सगळं पत्र सोडू नका, त्यात चुका राहतात आणि समोरच्याने "तुमचं म्हणणं कळलं नाही" म्हटलं की वेळ जातो. शाळेतल्या टीचरला, शेजारच्या आजोबांना दाखवा, लोक आनंदाने तपासून देतात, आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी तर माझं चार ओळींचं पत्र दोन वेळा वाचलं आणि मग चहा करायला उठले.

अक्षरावरची तिरकी रेघ, तिला फाडा म्हणतात, ती विसरू नका. आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखंच आहे ते. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, तसंच शॉन (Seán) या नावातली रेघ काढली की शब्द होतो शॅन (sean), म्हणजे म्हातारा. मोबाइलवर स्वराचं बटण दाबून धरलं की रेघवालं अक्षर येतं.

उत्तर इंग्रजीत आलं तर

येतं. माझ्या दुसऱ्याच ईमेलला आलं. एका सरकारी ऑफिसला मी आयरिशमध्ये साधी चौकशी केली होती, तीन आठवड्यांनी दोन ओळींचं इंग्रजी उत्तर आलं आणि खाली वाक्य की पुढच्या वेळी इंग्रजीत लिहिलंत तर लवकर मदत करता येईल. खूप वाईट वाटलं तेव्हा, कारण ते पत्र लिहायला मी आणि लेकीने एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

अशा वेळी चिडून इंग्रजीत लांबलचक लिहू नका. त्याच ईमेलखाली परत आयरिशमध्ये लिहा, की मी अमुक तारखेला आयरिशमध्ये लिहिलं होतं, 2003 च्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे मला उत्तर आयरिशमध्ये हवंय. एवढंच. कलमाचा नंबर टाकला की फरक पडतो. मला आठ दिवसांत नीट उत्तर आलं, आयरिशमध्ये, माफीसकट. बहुतेक ठिकाणी कुणी मुद्दाम करत नाही, ज्या माणसाच्या टेबलावर ईमेल जाते त्याला नियमच माहीत नसतो किंवा आयरिश येणारा सहकारी सुट्टीवर असतो. पण आपण गप्प बसलो की त्या ऑफिसच्या हिशोबी आयरिशला मागणीच नाही असं होतं, आणि मग पुढच्या वर्षी तो आयरिशवाला सहकारी बदली होऊन गेला तर त्याच्या जागी कुणी येत नाही.

भाषा कमिशनरकडे तक्रार

तरीही काही झालं नाही तर भाषा कमिशनर आहेत. आयरिशमध्ये "अन कोमिशिनेर त्यांगा". हे स्वतंत्र पद आहे, 2003 च्याच कायद्याने तयार झालं आणि 2004 मध्ये पहिले कमिशनर नेमले गेले. ऑफिस डब्लिनमध्ये नाही, गॉलवेच्या पश्चिमेला समुद्राकाठी स्पिडल गावात आहे, म्हणजे जिथे भाषा अजून बोलली जाते तिथेच, आणि हे मला फार योग्य वाटतं.

तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. आयरिशमध्ये लिहा किंवा इंग्रजीत, दोन्ही चालतं. काय काय जोडायचं ते सांगते: तुम्ही पाठवलेलं पहिलं पत्र तारखेसकट, त्यांचं उत्तर, तुम्ही परत विचारलेलं पत्र आणि त्याचं उत्तर (किंवा नाही आलं तर तसं), बोर्डाबद्दल असेल तर फोटो आणि जागा कुठली ते. भावना दोन ओळींत, पुरावा पूर्ण. आधी ऑफिसला स्वतः सुधारायची संधी देऊन मगच तिकडे जावं, कारण बरीचशी प्रकरणं कमिशनरच्या ऑफिसकडून नुसतं एक पत्र गेलं की तिथेच मिटतात. न मिटली तर औपचारिक चौकशी होते, निष्कर्ष आणि शिफारसी येतात, आणि त्या संस्थेने शिफारसी पाळल्याच नाहीत तर कमिशनर तो अहवाल थेट संसदेच्या सभागृहांपुढे ठेवू शकतात. दंड नाही, तुरुंग नाही, पण संसदेपुढे नाव जाणं कुठल्याच साहेबाला आवडत नाही.

या पदाला मर्यादा आहेत हे पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पहिले कमिशनर शॉन ओ कुरॉन यांनी डिसेंबर 2013 मध्ये राजीनामा जाहीर केला, मुदत संपायच्या आधी. त्यांचं दुखणं हे होतं की ज्या भागात लोक आयरिश बोलतात तिथल्या लोकांशी सुद्धा सरकार आयरिशमध्ये बोलायची खात्री देत नाही. त्यानंतर फेब्रुवारी 2014 मध्ये डब्लिनमध्ये हजारो लोक लाल कपडे घालून रस्त्यावर उतरले होते. 2021 ची दुरुस्ती आली ती या सगळ्या रेट्यातून.

त्या दुरुस्तीतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, 2030 च्या अखेरपर्यंत सरकारी नोकरीत नव्याने घेतल्या जाणाऱ्यांपैकी 20 टक्के लोकांना आयरिश नीट येत असलं पाहिजे हे ध्येय ठरलंय, म्हणजे ज्या घरात आत्ता शाळेत जाणारी मुलं आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. दुसरी, सरकारी संस्थांच्या जाहिरातींपैकी किमान 20 टक्के आयरिशमध्ये हव्यात आणि जाहिरातीच्या बजेटचे किमान 5 टक्के आयरिश माध्यमांत खर्च व्हायला हवेत.

बोर्ड, पाट्या

यासाठी 2008 चे नियम आहेत. सरकारी संस्थेने लावलेला बोर्ड एकतर आयरिशमध्ये हवा किंवा दोन्ही भाषांत, आणि दोन्हीत असेल तर आयरिश आधी, आयरिश अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान नकोत, माहिती तेवढीच हवी, आणि इंग्रजी शब्द पूर्ण लिहून आयरिशचाच तेवढा शॉर्टफॉर्म केला असं चालत नाही. फोनमध्ये फोटो काढा आणि पाठवा, तक्रारींमधली ही सगळ्यात सोपी तक्रार. रस्त्यावरच्या वाहतुकीच्या पाट्यांना मात्र हे नियम लागू नाहीत, त्यांचं वेगळं आहे, तिथे आयरिश तिरप्या अक्षरात वर आणि इंग्रजी ठळक कॅपिटलमध्ये खाली असतं.

गावांच्या नावांचा विषय नाजूक आहे, त्यात पडण्याआधी डिंगलची गोष्ट माहीत असू द्या. केरीमधलं हे गाव गेलटाख्तात, म्हणजे आयरिशभाषक म्हणून घोषित केलेल्या भागात येतं. 2004 च्या आदेशाने त्याचं अधिकृत नाव फक्त "अन डॅंगन" झालं, डिंगल हे इंग्रजी नाव पाट्यांवरून गेलं, आणि गावातले लोकच भडकले, पर्यटक येतात ते डिंगलला. 2006 मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून दोन्ही नावं मागितली, आणि 2011 मध्ये कायदा बदलून "डॅंगन ई खूश" आणि डिंगल अशी दोन्ही अधिकृत झाली. नाव वरून लादून चालत नाही. पण तरी त्या बाजूला गाडीने जात असाल तर "लॉगॅनम" (logainm.ie) नावाची स्थळनामांची साइट मोबाइलवर उघडी ठेवा, गेलटाख्तात पाट्या आयरिशमध्येच असतात आणि तिथे प्रत्येक गावाच्या नावाचा अर्थ सुद्धा कळतो.

कोर्टात

देव करो आणि वेळ न येवो, पण कुठल्याही कोर्टात आयरिशमध्ये बोलायचा हक्क कायद्याने आहे, आणि तुम्ही बोलायचं ठरवलंत म्हणून तुमचं नुकसान होऊ नये ही जबाबदारी कोर्टाची. दिवाणी दाव्यात समोर सरकार असेल तर तुम्ही निवडलेली भाषा सरकारने वापरायची. फक्त आधी कळवा, आयत्या वेळी सांगितलं की तारीख पुढे जाते. अख्खी ज्युरी आयरिश समजणारी मिळावी ही मागणी मात्र सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये मान्य केली नाही, तेव्हा ती अपेक्षा ठेवू नका.

एक केस मला विशेष आवडते. गॉलवेच्या गेलटाख्तातल्या एका माणसाने प्राण्यांच्या औषधाच्या पाकिटावर आयरिशमध्ये माहिती नाही म्हणून दावा लावला, त्याच्या कुत्र्यासाठी लागायची ती औषधं. युरोपियन कोर्टापर्यंत गेली ती केस आणि मार्च 2021 मध्ये कोर्टाने सांगितलं की युरोपचा नियम सध्या जे सांगतो ते देशाने पाळायलाच हवं होतं, पुढे नियम बदलणार आहे हे कारण चालणार नाही. आयरिश 2007 पासून युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे, पण अनुवादकच पुरेसे नाहीत म्हणून सवलत दिलेली होती, ती 2022 च्या पहिल्या दिवसापासून संपली. आणि ब्रसेल्सला पण आयरिशमध्ये लिहा, उत्तर आयरिशमध्ये येतं.

मुलांची शाळा, इथे थोडं सविस्तर

आपल्या लोकांमध्ये मला सगळ्यात जास्त फोन येतात ते "सूट" मिळवण्याबद्दल. भारतातून आलेल्या मुलांना शाळेत आयरिशमधून सूट मिळते का? बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण देशाबाहेर झालेलं असेल आणि आयरिश शिकायची संधी मिळाली नसेल तर अर्ज करता येतो, लेखी, मुख्याध्यापकांकडे. त्याहून लहान मूल असेल तर नुसतं बाहेरून आलंय म्हणून मिळत नाही. तिथे मी एकच विनंती करते, की सूट मिळत असली तरी लगेच घेऊ नका. मूल आपल्यापेक्षा दसपट वेगाने शिकतं, आणि वर्गातली बाकी मुलं जो विषय शिकतायत त्या तासाला आपलं मूल मागे बसून चित्रं रंगवतंय हे त्याला पण बोचतं.

आणि आपल्या मुलांच्या कानावर आधीच मराठी, हिंदी, इंग्रजी असतं. श्वास सोडून म्हणायचा "ख" आणि घशातला आवाज इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना जड जातो, आमच्या लेकीला पहिल्या महिन्यातच जमला.

आयरिश माध्यमाच्या शाळेला गेलस्कॉल म्हणतात, त्याआधीची बालवाडी म्हणजे नीनरा. आईवडिलांना आयरिश यायलाच हवं असं नाही. पण प्रवेशाच्या नियमात 2018 च्या कायद्याने एक मुद्दा आला, जागा कमी असतील तर ज्या मुलांना आधीच अस्खलित आयरिश येतं त्यांना शाळा प्राधान्य देऊ शकते, आणि ते मला बरोबरच वाटतं, कारण घरात आयरिश बोलणारी कुटुंबं मुळातच थोडी उरलीत. तुम्ही करायचं हे, की शाळेची प्रवेशाची नोटीस कधी लागते ते आदल्या वर्षीच विचारून ठेवा, शक्य असेल तर नीनरापासून घाला, आणि गेलोयद्याखस (Gaeloideachas) नावाची संस्था आहे जी आयरिश माध्यमाच्या शिक्षणाबद्दल पालकांना मदत करते, तिच्या साइटवर जवळची शाळा शोधा. सुरुवातीला शाळेत फक्त आयरिशच बोलतात, इंग्रजी वाचन नंतर येतं, त्यामुळे पहिल्या वर्षी "माझं मूल मागे पडलं" असं वाटून घाबरू नका. घरी मराठी चालू ठेवा, ते अजिबात बंद करू नका. आमच्याकडे घरात मराठी, शाळेत आयरिश आणि इंग्रजी तर खिडकीतून पण येतं.

पुढे दहावी-बारावीसारख्या मोठ्या परीक्षांमध्ये बऱ्याच विषयांचा पेपर आयरिशमध्ये लिहिला तर जादा मार्क मिळतात. प्राथमिक शिक्षक व्हायचं असेल तर आयरिश लागतंच.

गेलटाख्तात घर घ्यायचा विचार असेल तर

डोनेगॉल, मेयो, गॉलवे, केरी, कॉर्क, वॉटरफोर्ड आणि मीथ या काउंट्यांत हे भाग आहेत. 2022 च्या जनगणनेत आयरिश येतं असं सांगणारे 18,73,997 लोक आहेत, ऐकायला केवढं वाटतं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे 71,968, आणि त्यातले गेलटाख्तातले फक्त 20,261. एवढं लहान आहे ते. त्यामुळे तिथे बाहेरून आलेलं प्रत्येक घर गावाची भाषा थोडी बदलतं. कायद्याने तिथल्या काउन्सिलला विकास आराखड्यात भाषेच्या रक्षणाचा विचार करावा लागतो, आणि काही ठिकाणी नव्या घरांच्या परवानगीला भाषेची अट असते, की घेणाऱ्याला आयरिश यायला हवं. वकिलाला ही अट आहे का हे आधीच विचारा. आणि अट नसली तरी जायचं असेल तर शिकून जा, दुकानात पहिलं वाक्य आयरिशमध्ये बोला. कारण समोरचा सभ्यपणे तुमच्यासाठी इंग्रजीत वळतो, दहाजणांत एक इंग्रजीवाला आला की सगळी बैठक इंग्रजीत जाते. पुण्यात-मुंबईत आपण हेच करतो ना.

उत्तरेत राहत असाल तर

बेलफास्ट, डेरी या बाजूला वरचं काही लागू नाही, तो यूकेचा भाग. तिथे 1737 चा एक कायदा होता ज्याने कोर्टात इंग्रजी सोडून दुसरी भाषा वापरली तर 20 पौंड दंड होता. तो रद्द करायची तरतूद 2022 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात आली, त्याच कायद्याने आयरिशला अधिकृत दर्जा आणि तिच्यासाठी कमिशनरचं पद दिलं. बेलफास्टमध्ये तुमच्या रस्त्याला आयरिश पाटी हवी असेल तर एका रहिवाशाने अर्ज केला तरी पुरतो, मग काउन्सिल रस्त्यावरच्या लोकांना विचारते, आणि 15 टक्के लोक हो म्हणाले की प्रस्ताव पुढे जातो. अर्ज करण्याआधी शेजाऱ्यांशी बोला मात्र, तिथे या पाटीमागे फार जुनी दुखणी आहेत.

आणि घरी बसून करण्यासारखं

ज्यांना पत्रं, तक्रारी असलं नकोय त्यांच्यासाठी. 1937 ते 1939 मध्ये इथल्या प्राथमिक शाळांमधल्या मुलांना सांगितलं होतं की घरी जाऊन आजी-आजोबांकडून गोष्टी, औषधं, म्हणी, भुताखेतांच्या कहाण्या, दुष्काळाच्या आठवणी ऐका आणि वहीत लिहून आणा. त्यातून सुमारे 7 लाख 40 हजार पानं जमली, त्यातली लाखो पानं आज "दूखस" (duchas.ie) या साइटवर बघायला मिळतात, बरीचशी मुलांच्या हस्ताक्षरात. स्वयंसेवक ती वाचून टाइप करतात, म्हणजे ती शोधता येतात. या कामाला नाव दिलंय "मेहल", म्हणजे पिकाच्या वेळी सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून एकाच्या शेतावर राबायचं ते, आपलं इर्जिक. अकाउंट उघडायचं, पान निवडायचं आणि जसं दिसतं तसं टाइप करायचं, चूक सुधारायची नाही. आयरिश नुकतंच शिकत असाल तर इंग्रजी पानांपासून सुरू करा, ती भरपूर आहेत, आणि मग एखादं छोटं आयरिश पान घ्या.

मी हे करायला घेतलं त्याला एक वेगळं कारण पण आहे. शंभरेक वर्षांपूर्वी आपल्या मराठीच्या बोली, कोकणातल्या, वऱ्हाडातल्या, गावोगावचे नमुने गोळा करून ज्याने छापले तो भारतीय भाषांच्या सर्वेक्षणवाला ग्रिअर्सन, तो जन्मला डब्लिन काउंटीत, 1851 साली, शिकला इथल्या ट्रिनिटी कॉलेजात. मराठीचा खंड 1905 चा आहे. इथून गेलेल्या माणसाने आपल्या आज्यांच्या तोंडचं लिहून ठेवलं, तर मी यांच्या आज्यांच्या तोंडचं टाइप करते, रविवारी संध्याकाळी एक पान. कालचं पान मेयोमधल्या एका मुलीचं होतं, डांग्या खोकल्यावर गावात काय औषध करायचे ते, आणि एक शब्द मला लागला नाही तर लेकीने लगेच वाचून दाखवला.